मध्यम दर्जाचं बांधकाम

“दार आधी वर उचलायचं, मग ढकलायचं, तरी नाही लागलं तर खांदा लावायचा. असं लिहा,” सिस्टर म्हणाल्या.

शेजारचे पोस्टमास्तर लिहिता लिहिता थांबले. “वहिनी, अपिलात इतकं खोलात जायचं नसतं हो. ‘दरवाजे सदोष’ एवढं पुरे.”

“सदोष म्हणजे काय कळणार त्यांना? आमच्या प्रत्येक दाराची तऱ्हा वेगळी आहे. बाथरूमचं ढकलावं लागतं, मागचं ओढावं लागतं, आणि वरच्या कपाटाचं तर लावायचंच नाही. एकदा लागलं की मग उघडायला माणूस बोलवावा लागतो.”

पोस्टमास्तरांनी मान हलवली आणि ‘दरवाजे सदोष’ एवढंच लिहिलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना अर्ज लिहायचा नाद लागला होता. गल्लीतल्या कुणाचंही नळाचं, विजेचं, पेन्शनचं काही अडलं, की ते स्वतःचं पेन आणि स्वतःची बसायची गादी घेऊन हजर. सिस्टरांची घरपट्टी वाढल्याची बातमी कानावर येताच ते जवळजवळ आनंदानेच धावत आले होते.

घरपट्टी वाढली होती म्हणजे दुपटीच्या घरात गेली होती. सिस्टरांचे यजमान गेल्या वर्षी वारले. ते चित्रपटगृहात मशीन चालवायचे. सगळं गाव त्यांना ऑपरेटर म्हणायचं आणि सिस्टर त्यांना ‘अहो’ म्हणायच्या. घर सिस्टरांच्या नावावर करायचं म्हणून अर्ज दिला, त्या निमित्ताने कर विभागाने नव्याने आकारणी केली आणि एक दिवस नोटीस आली. त्यात ‘बांधकामाचा दर्जा’ या शब्दांपुढे लिहिलं होतं, ‘उत्तम’.

सिस्टरांनी ते पायरीवर उभ्याउभ्याच वाचलं आणि त्यांना हसू आलं. ऑपरेटर गेल्यापासूनचं ते पहिलं हसू. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मग खालची रक्कम वाचली आणि आत जाऊन बसल्या. त्या नर्स होत्या, पण इस्पितळ होतं धर्मादाय. आयुष्यभर रात्रपाळ्या करून त्याचं पेन्शन बेतास बात. नव्या घरपट्टीपुढे ते टिकणार नव्हतं, हे कळायला कागद-पेन्सिल लागत नव्हती.

पण त्या रकमेपेक्षाही त्यांना खुपला तो शब्द. उत्तम! ह्या घराला?

ऑपरेटरांना घर बांधायचं वेड होतं. खेळ दुपारी सुरू व्हायचे, त्यामुळे सकाळ मोकळी. पाया घालायला गवंडी आणला तेव्हा ते त्याच्या शेजारी उभे राहून बघत होते. ‘एवढंच तर असतं,’ असं त्यांना वाटलं आणि तिथेच घात झाला. पायानंतरचं सगळं घर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं. सिस्टर रात्रपाळी उरकून सकाळी येत, तेव्हा हे गृहस्थ कोपरापर्यंत सिमेंटमध्ये.

“अहो, ही भिंत बाहेर आलीये. पोट सुटलंय तिला.”

“ओली आहे अजून. वाळली की सरळ होईल.”

काहीच सरळ झालं नाही. जिन्याच्या दोन पायऱ्या सारख्या नव्हत्या. खिडक्या म्हणाल तर एकीला एक जुळत नव्हती. जशी जुनी चौकट स्वस्तात मिळाली तशी तिच्याभोवती भिंत. स्वयंपाकघरात पाणी सांडलं तर मोरीकडे जायचं सोडून ते थेट खाटेखाली जाऊन बसायचं. सिस्टरांनी सगळा संसार ह्या घराला नावं ठेवत केला. “मला चार सरळ भिंती आणि लागणारं दार असलेला एक फ्लॅट घेऊन द्या, दुसरं काही मागत नाही,” असं त्या म्हणायच्या, आणि ऑपरेटर म्हणायचे, “हे एवढं होऊ दे, मग बघू.”

मुलीने आता नेमका तोच धागा पकडला होता. ती दूरच्या शहरात राहायची. तिचा फोन अर्ज लिहिण्याच्या आदल्याच दिवशी आला होता.

“आई, कशाला हे नसते उद्योग? विकून टाक ना ते घर. ह्यांनी आमच्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट आहे, उजेड आहे. तुला जन्मभर हवा होता अगदी तसा.”

“दारं लागतात का?” सिस्टरांनी विचारलं.

“लागतात! आई, थट्टा नकोय. जिन्यावरून पडलीस तर आम्हाला कळायलाही दोन दिवस लागतील.”

जावई मागून म्हणत होता, “आईंना घाई करू नकोस गं.” शेवटी सिस्टर म्हणाल्या, “अपिलाचं काय होतं ते बघू दे. नाही कमी झाली घरपट्टी, तर येते मी.”

“नक्की?”

“नक्की.”

मुलीने ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. इस्पितळात सिस्टर जसा नवशिक्या नर्सकडून औषधाचा डोस वदवून घ्यायच्या, तसं.

सुनावणी कर विभागाच्या वरच्या मजल्यावर होती. बाहेर बाकांवर माणसं आपापल्या फायली छातीशी धरून बसली होती. सिस्टरांच्या आधी एका बंगलेवाल्याची पाळी होती. दार उघडंच असल्यामुळे त्याचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. बंगला इतक्या वाईट जागी आहे, की कुणी फुकटसुद्धा घेणार नाही, असं तो कळवळून सांगत होता.

“मग मला द्या,” अपील अधिकारी म्हणाले. बाकांवरचे सगळे हसले. बंगलेवाला लाल होऊन बाहेर आला.

अधिकारी चांगले जाडजूड होते. खोकत होते आणि दर वाक्यानंतर थोडे थांबत होते. श्वास कुठवर जातो आणि कुठे अडतो, हे सिस्टरांच्या कानांनी सवयीने टिपलं. बाजूला टेबलाशी एक लिहिणारा कारकून, आणि त्याच्या पलीकडे घर मोजायला आलेली ती तरुण निरीक्षक मुलगी. ती सिस्टरांकडे बघून ओळखीचं हसली. सिस्टरांनी मान फिरवली. उत्तम लिहिणारी हीच.

“बोला बाई. काय हरकत आहे तुमची?”

पोस्टमास्तर नियमाचं कलम सांगायला उठले होते, पण सिस्टरांनी सुरुवात केलीसुद्धा. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला एकेका खाटेवरच्या रोग्याची हकिगत सांगावी, तसं त्यांनी पुढच्या दारापासून गच्चीपर्यंत घर सांगितलं. दारं सांगितली, पोट सुटलेली भिंत सांगितली, वरून तिसरी पायरी सांगितली, खाटेखाली जाऊन बसणारं पाणी सांगितलं. काही वगळलं नाही आणि काही वाढवलंही नाही. अधिकारी आधी घड्याळाकडे बघत होते, मग खुर्चीत पुढे सरकले. कारकून लिहायचं विसरून ऐकत होता. पोस्टमास्तरांच्या चेहऱ्यावर तर विजयाचं तेज आलं होतं.

“पुरे, पुरे,” अधिकारी हसत म्हणाले. “पटलं मला.” आणि कारकुनाकडे वळून सांगू लागले, “लिहा. सदर बांधकाम अकुशल व्यक्तीकडून झालेले असून निकृष्ट दर्जाचे—”

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या.

कारकुनाचं पेन थांबलं.

“निकृष्ट नाही म्हटलं मी.”

“अहो, आत्ता इतका वेळ काय सांगत होतात मग?”

“वाकडं आहे म्हटलं. गैरसोयीचं आहे म्हटलं. निकृष्ट कधी म्हटलं? आणि अकुशल कुणाला म्हणताय?”

पोस्टमास्तरांनी हळूच त्यांच्या कोपराला हात लावला. सिस्टरांनी कोपर बाजूला घेतलं.

अधिकारी खुर्चीत मागे टेकले. “बाई, एक सांगा. तुम्ही अपील नक्की कुणाच्या बाजूनं करताय?”

ह्या वेळी बाहेरच्या बाकांवर कुणी हसलं नाही. सगळे कान टवकारून ऐकत होते.

तेवढ्यात निरीक्षक मुलगी म्हणाली, “सर, बोलू का? मी मोजायला गेले होते ना, तेव्हा ह्यांनीच मला सगळं घर दाखवलं होतं. भिंती किती जाड आहेत, उन्हाळ्यात पंखा लागत नाही, चौकटी जुन्या सागवानाच्या आहेत, एवढ्या वर्षांत कुठे तडा म्हणून नाही... हात लावून लावून दाखवलं. म्हणाल्या, असं घर आता कुणी बांधत नाही. म्हणून मी उत्तम लिहिलं.” मग ती जरा ओशाळली. “मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.”

पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

सिस्टरांना आठवलं. त्या दुपारी दारात टेप घेऊन उभी राहिलेली ही मुलगी. तिला चहा केला होता. आणि मग आपण किती बोललो होतो! ज्या भिंतीला ऑपरेटरांच्या देखत एकदाही बरं म्हटलं नाही, तिच्यावर हात थोपटून परक्या मुलीला कौतुक सांगत होतो. वाढलेल्या घरपट्टीला दुसरं कुणी कारणच नव्हतं.

“बाई,” अधिकाऱ्यांचा आवाज जरा खाली आला होता, “तेव्हा खरं बोललात, की आत्ता?”

“दोन्ही वेळा,” सिस्टर म्हणाल्या. मग थोड्या थांबून म्हणाल्या, “साहेब, तेव्हा ह्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. भेटायला येईल तो विचारायचा, कसे गेले. रात्री गेले का, दुखत होतं का, कुणी जवळ होतं का. सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. ही पोर आली आणि हिनं विचारलं, घर कुणी बांधलं.”

निरीक्षक मुलीने मान खाली घातली.

“आमच्याकडे पेशंट आला की काय काय बिघडलंय ते सगळं लिहून घेतात,” सिस्टर पुढे म्हणाल्या. “फुप्फुस खराब, गुडघा खराब, ऐकू कमी येतं. लपवाछपवी नाही. पण म्हणून माणूसच निकृष्ट असं कुणी लिहीत नाही. एवढंच म्हणणं आहे माझं.”

अधिकाऱ्यांनी रुमाल काढून नाक पुसलं. त्यांना पडसंही झालेलं होतं.

“हे बघा,” ते म्हणाले, “माझ्यापाशी रकाने तीनच आहेत. उत्तम, मध्यम, निकृष्ट. वाकडं असा रकाना नाही. निकृष्ट लिहिलं तर तुमची घरपट्टी सगळ्यांत कमी बसेल, अगदी पहिल्यापेक्षाही कमी. मध्यम लिहिलं तर उतरेल, पण तेवढी नाही. नीट विचार करून सांगा.”

“निकृष्ट घ्या, वहिनी,” पोस्टमास्तर कुजबुजले. “एक शब्द तर आहे. कोण वाचतंय?”

सिस्टरांना लेकीला फोनवर दिलेला शब्द आठवत होता. लिफ्टचा, उजेडाचा, दारं लागणारा तो फ्लॅटही डोळ्यांपुढे होता. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि तो हलत नव्हता.

“तुम्ही येऊन बघा,” त्या शेवटी म्हणाल्या. “बघून तुम्हाला निकृष्ट वाटलं तर लिहा. मी सही करीन.”

परतीच्या वाटेवर, कोपऱ्यापाशी आल्यावर पोस्टमास्तरांना राहवलं नाही. “हातात आलेलं घालवलंत, वहिनी. निदान आता माझं ऐका. साहेब येतील त्या दिवशी झाडू नका, पुसू नका, गळका नळ तसाच गळू द्या. जरा दीनवाणं दिसू द्या घर.”

“बरं,” सिस्टर म्हणाल्या.

पण पाहणीच्या दिवशी सकाळी त्यांना ते जमेना. डॉक्टरांची फेरी असताना वॉर्ड पारोसा ठेवायचा, हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. आधी त्यांनी फक्त पुढची खोली झाडली. मग झाडलीच आहे तर पुसली. मग जिना. मग वरच्या खोलीत खिडकीत रचलेल्या गाद्या आत नेऊन ठेवल्या. शेवटी गळक्या नळाला चिंधी बांधली. पोस्टमास्तर आले, त्यांनी लख्ख घर पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

अधिकारी आणि निरीक्षक मुलगी वेळेवर आले.

“दार लावताना जरा उचलून घ्या साहेब, मग ढकला,” सिस्टरांनी आतून सांगितलं. पण साहेबांनी नुसतं बोट लावलं आणि दार फिरून गुपचूप बंद झालं. आवाजसुद्धा नाही. ज्या दाराला जन्मभर घरातल्या सगळ्यांचे खांदे लागले होते, ते आज लोण्यात सुरी जावी तसं लागलं.

“रोज असं नसतं हो,” सिस्टर कावऱ्याबावऱ्या झाल्या. “डॉक्टर आले की ताप उतरतो बघा कधी कधी, तसं झालंय.”

अधिकाऱ्यांनी दार पुन्हा उघडून लावलं. पुन्हा लागलं. पोस्टमास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

भिंतीने मात्र इमान राखलं. साहेबांनी तिच्या सुटलेल्या पोटावर हात ठेवला, मग नकळत तो स्वतःच्या पोटावर गेला, आणि निरीक्षक मुलगी टेप शोधायच्या निमित्ताने पिशवीत वाकली. स्वयंपाकघरात पेलाभर पाणी ओतून पाहिलं. ते सरळ खाटेखाली गेलं. मग सगळे जिना चढू लागले.

“वरून तिसरी पायरी, साहेब!” सिस्टरांनी ओरडून सांगितलं, पण उशीर झाला होता. साहेबांचा पाय चुकला, तोल गेला आणि त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. एवढा मोठा देह त्या लोखंडी नळीवर पडला, पण नळी तसूभर हलली नाही.

सावरल्यावर साहेबांनी ती मुद्दाम हलवून पाहिली. “हे मात्र पक्कं आहे.”

“मुलगी पोटात होती तेव्हा बसवलं त्यांनी ते,” सिस्टर म्हणाल्या. “पायऱ्या नीट होईनात. म्हणाले, पायऱ्या राहू देत, तुला धरायला तरी चांगलं हवं.”

कठडा धरून साहेब उरलेला जिना चढले.

वरच्या खोलीत त्यांना चांगलाच दम लागला. सिस्टरांनी त्यांना खुर्ची आणून द्यायच्या आधीच ते खिडकीत टेकले. भिंत जाड, म्हणून ऑपरेटरांनी खिडकीच्या आत एक माणूस बसेल एवढा रुंद कट्टा केला होता. साहेब मागे रेलले. समोरच्या खिडकीतून ह्या खिडकीपर्यंत वारा सुटला होता. त्यांचा खोकला हळूहळू थांबला. श्वास खाली, पार तळापर्यंत जाऊ लागला. सिस्टरांना तो न मोजताही कळत होता. बराच वेळ साहेब उठले नाहीत. फाईल त्यांच्या मांडीवर मिटलेली होती.

“इथे वारा फार छान लागतो,” ते म्हणाले.

“हे लिहू नका,” सिस्टर घाईने म्हणाल्या.

निरीक्षक मुलगी खुदकन हसली. साहेबही हसले. “वाऱ्यावर अजून कर बसवलेला नाही, बाई.” मग त्यांनी फाईल उघडली, पेन काढलं आणि क्षणभर खोलीभर नजर फिरवली. “मध्यम लिहितो. वाकडं आहे, पण उभं आहे. घराच्या वयाची सूट तुम्हाला दिलेलीच नव्हती, तीही देतो. चालेल?”

“चालेल,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीतच कागद ठेवून सही केली. जाताना साहेबांना त्यांनी छाती तपासून घ्यायला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, येत्या आठवड्यात जाईन असं त्यांच्याकडून वदवून घेतलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. घरपट्टी पहिल्याइतकी उतरली नव्हती, पण उतरली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दुपारच्या वेळी ड्रेसिंग करायला, इंजेक्शनं द्यायला कुणी तरी हवंच होतं; तेवढ्यात भागणार होतं.

“म्हणजे येत नाहीस तू,” मुलगी म्हणाली.

“तूच ये. सुट्टी लागली की पोरांना घेऊन ये. जावयांनाही आण.”

“आई, निकृष्ट का नाही घेतलंस? पोस्टमास्तरकाका फोनवर नुसते कपाळ बडवत होते.”

“त्यांना काय होतंय,” सिस्टर म्हणाल्या. “अर्ज त्यांचा, घर माझं.”

मुलगी हसली. मग तिने नीट जेव, जिन्यावर दिवा लावत जा वगैरे सांगितलं आणि फोन ठेवला.

सिस्टर खिडक्या लावायला वर गेल्या. उजेड अजून होता. रस्त्यावरून दुकानांतली माणसं सायकली हातात धरून घरी चालली होती. ती खिडकी ऑपरेटरांची. कामावर जायच्या आधी ते तिथे बसत, आणि खालून त्यांना हाका मारायचं काम सिस्टरांचं. पुढे तिथे गाद्या आल्या. त्या स्वतः तिथे बसल्या असं कधी झालंच नव्हतं. बसायला वेळ कुणाला होता?

त्या बसल्या. ऑपरेटर उंच, आणि कट्टा त्यांनी स्वतःच्या मापाने केलेला. सिस्टरांचे पाय काही केल्या जमिनीला टेकेनात. पुढे सरकून पाहिलं, तरी टेकेनात. दोन्ही पावलं शाळकरी मुलीसारखी अधांतरी लोंबत राहिली.

“उंच केलंत हो हे,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

खाली रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. सिस्टर वाऱ्यात पाय हलवत बसून राहिल्या.